एका पेढ्याने काय होते?

कचेरीत, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले की तो घरी सगळे मनापासून पाळतो. भात कमी करतो, तळण बंद करतो, पहाटे उठून कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने फिरायलाही जातो. तीन महिने होतात, पण वजनाचा काटा जागचा हलत नाही. मग तो अनुवंशाला दोष देतो, थायरॉईड तपासून घेतो. थायरॉईड जरूर तपासावे, पण त्याआधी कचेरीतल्या टेबलाकडेही एकदा पाहावे.

या टेबलावर काय नसते! बदली होऊन आलेला पेढे आणतो, बदली होऊन जाणाराही आणतो. मुलगी बारावी पास झाली, मुलाला नोकरी लागली, बोअरला पाणी लागले, नवी मोटारसायकल घेतली, तिरुपतीला जाऊन आले, सत्यनारायण झाला. 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आणि 26 जानेवारी या दिवशी झेंडावंदन आटोपले की जिलेबी ठरलेलीच. जिल्हा परिषद असो की जिंतूर-पाथरीचे तहसील कार्यालय, जिथे तीस-चाळीस माणसे काम करतात तिथे आनंदाला तोटा नसतो. आनंद एकेकाचा असतो, पेढा मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो.

किलोत चाळीसेक पेढे बसतात असे धरले तर एक पेढा पंचवीस ग्रॅमचा झाला. त्यातून साधारण शंभर कॅलरी मिळतात. साठ किलोच्या माणसाला त्या खर्च करायला अर्धा तास चालावे लागते. म्हणजे सकाळचा विद्यापीठाचा फेरा अकरा वाजता एका घासात संपला! आणि हे फक्त पेढ्याचे झाले. खरा चोर तर किटलीत बसलेला आहे. कचेरीतला चहा साखर घालूनच येतो. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तर चार कपांत चाळीस ग्रॅम झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराची सगळी वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपासच हवी. ती मर्यादा चहानेच ओलांडली. गुळाचा चहा घेऊन सुटका होईल असे वाटणाऱ्यांनी हा भ्रम सोडावा. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी आहेत. (जायकवाडीच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते, पण उसाला भाव मिळण्यासाठी आपणच साखर खाल्ली पाहिजे असे कुठे आहे?)

‘मी तर बारीकच आहे, मला काय होणार?’ असे म्हणणारे कर्मचारीही पुष्कळ असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे एक छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! हडकुळ्या हातापायांचा आणि पोटाचा घेर वाढलेला भारतीय माणूस वजनकाट्यावर सुटून जातो, रक्ततपासणीत सापडतो. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे 2023 साली आलेले आकडे सांगतात की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस-चाळीस माणसांच्या कचेरीत असे दोघे-चौघे असणारच. त्यातले काही जण ते सांगत नाहीत, कारण कोणाला मुलीचे लग्न जमवायचे असते, कोणाला साहेबांच्या नजरेत आजारी ठरायचे नसते. ते मुकाट्याने पेढा खातात आणि घरी जाऊन गोळी घेतात.

नाही म्हणायला काय होते, असे विचारणाऱ्याने कधी कचेरीत पेढा नाकारून पाहावा. ‘घ्या हो साहेब, एकाने काय होते?’ ‘आमचा पेढा चालत नाही का?’ ‘मॅडम, एवढ्या बारीक तर आहात!’ नकार म्हणजे देणाऱ्याचा अपमान, असा आपला हिशेब. हाताखालच्या माणसाने साहेबांचा पेढा नाकारणे तर त्याहून अवघड. तेव्हा हा सगळा भार एकट्याच्या मनोनिग्रहावर टाकणे मला पटत नाही.

आणि गंमत पाहा, नकार कसा ऐकावा हे आपल्याला येत नाही असे नाही. चतुर्थीचा उपवास असलेल्या बाईंपुढे कोणी चिवड्याची बशी धरत नाही. रमजानमध्ये रोजा असलेल्या सहकाऱ्याला कोणी चहाचा आग्रह करत नाही. माळकऱ्याच्या पानात मटण वाढण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तिथे कारण विचारले जात नाही, थट्टा होत नाही. हाच मान डॉक्टरांच्या पथ्याला का मिळू नये? डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दोन वेळाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत मराठवाड्यात घरोघरी पोचली. तिच्या गुणदोषांवर तज्ज्ञांचे वाद झाले आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पण तिने एक मोठे काम केले, असे माझे मत आहे. ‘माझे दीक्षित चालू आहे’ एवढे तीन-चार शब्द नोकरदार माणसाला मिळाले आणि पेढ्याचा डबा पुढे सरकू लागला!

जून 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली. समोसा-जिलेबीवर आता इशारा छापणार, अशी आवई उठली आणि जुलैत मंत्रालयाला खुलासा करावा लागला की सूचना कामाच्या ठिकाणांपुरती आहे, गाडेवाल्यांसाठी नाही. फलक लावायला हरकत नाही. पण भिंतीवर फलक आणि त्याखाली उघडा डबा, असे व्हायचे नसेल तर कचेरीने दोन-चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. चहावाल्याला साखर वेगळी आणायला सांगावी, ज्याला हवी तो घालून घेईल. पेढ्यांचा डबा टेबलोटेबली फिरवू नये, एका बाजूला झाकून ठेवावा. समोर दिसले की हात जातोच. महिन्यातले सगळे वाढदिवस, बढत्या एकाच दिवशी साजऱ्या कराव्यात. हिवाळ्यात पेरू, बोरे, एरवी फुटाणे आणायला लाज कसली? प्रसाद असेल तर कणभर घ्यावा. प्रसाद पोटभर खावा असे कोणत्याच पोथीत सांगितलेले नसावे. आणि सुरुवात साहेबांनी करावी. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला की आठवड्यात निम्मी कचेरी मागू लागते, हा सरकारी नोकरीचा गुणच आहे.

साखर कचेरीतून अगदी हद्दपार मात्र करू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला जेवायला उशीर झाला आणि त्याचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, तो असंबद्ध बोलू लागला, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. त्यासाठी साखरेची एक पुडी ड्रॉवरमध्ये असू द्यावी आणि ती कुठे आहे हे शिपायालाही माहीत असावे.