मलम नंतर, आधी साखर

नंदनवनातल्या एखाद्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी चाळिशीतला माणूस बाकीची गिऱ्हाइके पांगेपर्यंत थांबतो आणि मग हळूच ‘खाजेचे मलम’ मागतो. खाज कुठे आहे हे तो सांगत नाही, दुकानदारही विचारत नाही. मलम मिळते. महिन्याभराने तोच माणूस पुन्हा येतो.

शिश्नाच्या पुढच्या त्वचेला सूज येणे हा तसा साधा आजार. लाली, खाज, पांढरा थर, वास, लघवी करताना आग. त्वचेखालच्या ओलसर जागेत कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते आणि नागपूरच्या उकाड्यातला घाम तिला साथ देतो. दर वेळी हा गुप्तरोग असतो असे मुळीच नाही. तेवढ्यावरून घरात संशय घेऊ नये.

काउंटरवरचे मलम मात्र अनेकदा मिश्रण असते : स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो. पण वारंवार लावल्यास तिथली नाजूक त्वचा पातळ होते आणि बुरशी पुन्हा डोके वर काढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. नियम चांगला, पाळतो कोण?

खरा तोटा वेगळाच आहे. मोठ्या माणसाला ही सूज पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो मधुमेहाचा पहिला इशारा असू शकतो. लघवीतून साखर जाते, बुरशीला आयते खाद्य मिळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यातल्या कित्येकांना आपला आजार ठाऊक नसतो. मलमाने खाज दबते आणि साखर तपासायची राहून जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. ती घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

घरी करायचे ते थोडेच. रोज साध्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे, सुगंधी साबण आणि डेटॉल टाळावे. लहान मुलांची त्वचा मागे जात नसेल तर आयांनी ती ओढू नये. वयाबरोबर ती सुटते. मागे गेलेली त्वचा पुढे येत नसेल आणि सूज वाढत असेल, तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठावे. आठवड्या-दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा गाठही दाखवावीच.

नंदनवनहून मेडिकल काही लांब नाही. तिथल्या त्वचारोग विभागाच्या नावाला जोडलेल्या ‘गुप्तरोग’ या शब्दानेच कित्येकांचे पाय मागे फिरतात, आणि ते पुन्हा औषधाच्या दुकानाकडे वळतात.