हरलेल्या देशाचे चित्र

मध्यंतरी आमच्या भित्तिपत्रकासाठी एका विद्यार्थ्याने व्यंगचित्र आणून दिले. फाटक्या लुगड्यातील एक बाई, पदरावर देशाचे नाव आणि डोक्यावर तोफेचा भारा. चित्र बरे होते. पण मंडळातील एका सद्गृहस्थांनी विचारले, "सीमेवर जवान उभे असताना हे शोभते का?" चित्र फाइलीत गेले. मीही गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे तेव्हापासून मला खुपते आहे.

मी इतिहास शिकवतो. त्या बाईला पाहून मला दोमिए आठवला. १८७० च्या जुलैमध्ये तिसऱ्या नेपोलियनने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि दीड महिन्यात सेदान येथे सम्राट स्वतःच शत्रूच्या हाती सापडला. पॅरिसला वेढा पडला. त्या दिवसांत बासष्ट वर्षांचा हा चित्रकार 'शारिवारी' पत्रात चित्रे काढीत होता. एका चित्रात जळलेली घरे आणि प्रेते आहेत. खाली शब्द सम्राटाचेच, १८५२ च्या भाषणातले: साम्राज्य म्हणजे शांतता. जानेवारी १८७१ च्या चित्रात नवे वर्ष स्त्रीरूपाने उभे आहे आणि जुन्या वर्षाने मागे ठेवलेला प्रेतांचा वारसा पाहून तिने तोंड झाकले आहे. बस्स, एवढेच. शत्रूला शिवी नाही, वीरश्री नाही.

कोणी म्हणेल, सम्राट पडल्यावर त्याची टवाळी करण्यात कसले शौर्य? आक्षेप रास्त आहे. पण याच माणसाने राजा लुई फिलिपला प्रजेचा पैसा गिळणारा राक्षस दाखविला होता आणि त्यासाठी १८३२ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. शिवाय वेढ्यातल्या लोकांना त्यांच्या पराभवाचे चित्र दाखविणे सोपे नसते.

याउलट लंडनच्या 'पंच'मधले टेनियलचे २२ ऑगस्ट १८५७ चे चित्र पाहा. ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावतो आहे आणि वाघाखाली स्त्री व मूल पडले आहे. रेषा सुरेख, पण राज्य करणाऱ्यांचे काय चुकले हा प्रश्नच तिथे नाही. तीन वर्षांनी, १८६० मध्ये, आमच्या निर्मलला (२०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते) रामजी गोंड आणि त्यांचे साथीदार फासावर गेले. तो वड लोकांनी 'हजार फासांचा वड' म्हणून लक्षात ठेवला. सिंहाच्या बाजूने काढलेल्या चित्रात रामजी दिसणे शक्यच नाही; तिथे वाघच दिसतो.

म्हणून मला वाटते, देशाचा अधःपात घरच्या माणसाने काढला तर तो द्रोह नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर लक्ष्मण यांनी नेहरूंवर बोचरे चित्र काढले. (लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे, तेव्हा कन्नड विभागातील मित्र त्यांच्यावर आधी हक्क सांगतील, सांगोत!) लक्ष्मण सांगत की, नेहरूंनी फोन करून त्या चित्राची मोठी, सहीनिशी प्रत मागितली. हरलेल्या युद्धाच्या जखमा ओल्या असताना, ज्याच्यावर बाण सुटला त्याने हे करावे, आणि आपण मात्र एका भित्तिपत्रकाला घाबरावे?

असे चित्र शत्रूच्या हाती पडले तर तो ते वापरील, हे मला मान्य आहे. परंतु शत्रूला आपली दुर्बलता चित्रावरून कळत नाही. सेदानची बातमी प्रशियाला दोमिएकडून कळली नव्हती. न कळण्याचा धोका आपल्यालाच असतो.

फाइल अजून कपाटात आहे. पुढच्या बैठकीत ते चित्र लावावे असा ठराव मी मांडणार आहे. त्या विद्यार्थ्याला मात्र एक सुचवीन: तोफ थोडी लहान काढ, बाईचा चेहरा झाकला जातो.