विश्लेषण : रुग्णालयाच्या भिंतीवरचा दरफलक आला कुठून?

रुग्णाला दाखल करताना स्वागतकक्षाशेजारच्या भिंतीकडे सहसा कुणी पाहत नाही. लक्ष असते ते फॉर्म, अनामत रक्कम आणि विमा कंपनीच्या होकाराकडे. पण राज्यातील खासगी रुग्णालयांनी दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. या मागणीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये ‘जन आरोग्य अभियान’ आणि कोथरूडमधून काम करणारी ‘साथी’ ही संस्था आघाडीवर होती.

नियम यायला इतकी वर्षे का लागली?

राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. हा कायदा २००५ मध्ये दुरुस्त झाला. पण कायदा बदलला तरी नियम निघेपर्यंत तो कागदावरच राहतो. ‘साथी’ ज्या कामातून वाढली त्या मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेसह अनेकांनी नियमांसाठी सूचना दिल्या, २००६ मध्ये मसुदाही झाला. तो सरकारदरबारी पडून राहिला. अंतिम नियम निघाले ते थेट २०२१ मध्ये.

दरम्यान केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. राज्याचा स्वतंत्र कायदा करण्याची चर्चा झाली, मसुदे झाले, कायदा मात्र झाला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध हे त्यामागचे मोठे कारण. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयाला मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाचे निकष लावले तर ते बंद पडेल आणि ‘इन्स्पेक्टर राज’ येईल, असे त्यांचे म्हणणे. पहिला मुद्दा खरोखरच विचार करण्याजोगा आहे. कोथरूडसारख्या उपनगराची बरीचशी गरज अशीच छोटी रुग्णालये भागवतात. पण दर भिंतीवर लावण्याने कोणते रुग्णालय बंद पडेल, याचे उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही.

करोनाने काय बदलले?

मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या वॉर्डासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ज्या दरनियंत्रणाला एरवी ‘अशक्य’ म्हटले जात होते, ते एका आदेशाने लागू झाले. अंमलबजावणीची कथा वेगळी. जन आरोग्य अभियान आणि करोना एकल महिला पुनर्वसन समितीने सुमारे अडीच हजार रुग्णांच्या बिलांची माहिती जमवली. त्यांपैकी जवळपास ७५ टक्के रुग्णांकडून जादा आकारणी झाल्याचे त्यांनी सांगितले. हा आकडा संघटनांचा आहे, सरकारी नव्हे. पण बिलांचे लेखापरीक्षण व्हावे, परतावा मिळावा, ही मागणी त्यातूनच जोर धरू शकली.

साथीचा तडाखा ताजा असतानाच, जानेवारी २०२१ मध्ये नियम अधिसूचित झाले. मसुदा तयार होता, मागणी जुनी होती, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २०१८ मधील रुग्णहक्क सनदही समोर होती. कमी होती ती फक्त राजकीय घाईची, ती साथीने आणली.

मग त्यातून रुग्णाला काय मिळाले?

आजाराची आणि उपचारांची माहिती, खासगीपणा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची मुभा, महिला रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असताना दुसऱ्या महिलेची उपस्थिती. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. आपत्कालीन रुग्णाला आधी जीव वाचवणारे उपचार द्यायचे, आगाऊ पैशांचा आग्रह धरायचा नाही. तक्रारींसाठी स्थानिक प्राधिकरणाने कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक ठेवायचा.

जे मिळाले नाही तेही महत्त्वाचे. दर लावणे सक्तीचे झाले, पण दर किती असावेत याबद्दल नियम गप्प आहेत. म्हणजे लाखाचे पॅकेज भिंतीवर लावले की नियम पाळला गेला. चळवळीच्या मागणीतला पारदर्शकतेचा भाग सरकारने घेतला, खर्चाला आवर घालणारा भाग बाजूला ठेवला.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून संतापाची लाट उसळली. तेव्हा महापालिकेने खासगी रुग्णालयांना नोटीस पाठवून याच नियमांची आठवण करून दिली. नियम होऊन चार वर्षे झाली होती.

गावात वेगळा मार्ग

‘साथी’चा दुसरा अनुभव सरकारी दवाखान्यांचा आहे. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्या राज्यस्तरीय समन्वयाचे काम या संस्थेकडे होते. गावकरी उपकेंद्राला चांगले, मध्यम, वाईट असे गुण देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडत. बाहेरून औषधे का आणायला लावली, याचे उत्तर तिथे सर्वांदेखत द्यावे लागे. शहरातल्या खासगी रुग्णालयाबाबत अशी जनसुनवाई नाही. पाचव्या मजल्यावरच्या खोलीत रुग्ण आणि बिल, दोन्हीशी कुटुंब एकटेच झगडते.

पुणे शहरात तक्रार करायची तर ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. तोंडी वादापेक्षा लेखी तक्रार बरी. तपशीलवार बिल, अनामतीची पावती आणि शक्य असल्यास दरफलकाचा फोटो जोडावा. फलकच नसेल, तर तीही स्वतंत्र तक्रार होऊ शकते.