शाळेची पाटी आणि पोराची पाटी

जून महिना जवळ आला की सुरतेतील लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील मराठी घरांत एकच खल सुरू होतो. मूल महानगरपालिकेच्या शाळेत घालावे की खाजगी? खानदेशातून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांचे हे संसार. एकीकडे शुल्क नाही, पुस्तके मोफत, दुपारचे जेवण. शिवाय नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालविते, हे तिला भूषणावहच आहे. दुसरीकडे इंग्रजी नाव, टाय आणि शुल्काची पावती!

मागावर राबणाऱ्या बापाने मुलासाठी इंग्रजीची आस धरली, तर त्यात त्याचा काय अपराध? भाषाभिमानाचे ओझे गरिबाच्याच पोराच्या पाठीवर लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु जी भाषा घरात कोणालाच येत नाही, तिच्यातील धडा मुलाला समजावून कोण देणार? मग शुल्कावर शिकवणीचा भुर्दंड पडतो आणि पोर अर्थ न कळता घोकत बसते.

ज्यांना खाजगी शाळाच हवी, त्यांनी आपला हक्क तरी ओळखावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतही पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या आहेत. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा वा पालकांची मुलाखत घेण्यास त्याच कायद्याने मनाई आहे.

मात्र पालिकेच्या शाळेत पालकाला याहून मोठा अधिकार आहे. तेथील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळेवर असे बंधन नाही. शिक्षक येत नाहीत, नळाला पाणी नाही, म्हणून शाळा सोडणे सोपे; समितीत बसून जाब विचारणे कठीण, पण सगळ्या वस्तीच्या हिताचे!

हा प्रश्न सुरतेपुरता नाही. आपल्या सीमाभागातील घरोघरी तोच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय मिळावी, असे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून सांगते. पण रिकाम्या वर्गाला कोणते कलम वाचविणार?

म्हणून पालकहो, प्रवेशापूर्वी दोन्ही शाळांत जा. वह्या उघडून पाहा. तिसरीतल्या मुलाला चार ओळी वाचावयास सांगा आणि त्यांचा अर्थ विचारा. शाळेची पाटी किती मोठी हे पाहू नका. पोराच्या पाटीवर काय उमटले, ते पाहा!