‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्यांना

घरातील वडीलधारे माणूस अत्यवस्थ झाले की आपल्या तोंडून दोनच वाक्ये निघतात. पहिले, ‘डॉक्टर, शेवटपर्यंत प्रयत्न करा’. आणि आठ-दहा दिवसांनी, पदरचे पैसे संपत आले की दुसरे, ‘आता देवाची इच्छा.’ या दोन वाक्यांच्या मधल्या काळात त्या माणसाच्या जीवनमरणाचे सारे निर्णय होऊन गेलेले असतात आणि त्यांतला एकही त्याला विचारून झालेला नसतो. त्याला आजाराचे नावसुद्धा सांगितलेले नसते. ‘धक्का बसेल’ या सबबीखाली मुलगा, जावई आणि आखातातून फोनवर बोलणारा पुतण्या मिळून जे ठरवतात त्याला आपण पुढे ईश्वरेच्छा हे नाव देतो. आमचा आक्षेप या रीतीला आहे. ती प्रेमळ असेल, पण ख्रिस्ती नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न अधिक टोचावा असे आम्हांस वाटते. कोर्लई, रेवदंडा, चौल, अलिबाग या पट्ट्यात दुखणे हाताबाहेर गेले की मुंबई गाठायची हा रिवाजच आहे. वडखळमार्गे रस्त्याने जा, किंवा २०२० सालापासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी जी रो-रो बोट सुरू झाली तिने जा. रुग्णाला मुंबईला हलवायचे की नाही हाच जीवनमरणाचा पहिला निर्णय असतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. खाडी ओलांडली की माणूस कुटुंबाच्या हातून सुटतो आणि अतिदक्षता विभागाच्या नियमांच्या स्वाधीन होतो. भेटायला दिवसातून काही मिनिटे. तैलाभ्यंगासाठी फादरांना आत सोडायचे तर परवानगी. तोंडात नळी असल्याने पवित्र ख्रिस्तशरीर देणे अशक्य. कोर्लईच्या एखाद्या आजीचा विचार करा. जन्मभर जी घरात कोर्लईची पोर्तुगीज बोली बोलली आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करीत आली, तिने ग्लानीत मागितलेले पाणी तिथल्या परिचारिकेला कळणार तरी कसे? बऱ्या होण्यासारख्या रुग्णासाठी हे सारे सोसावे, अवश्य सोसावे. अपघात झालेला तरुण, बाळंतपणात अडलेली मुलगी, हृदयविकाराचा पहिला झटका आलेला गृहस्थ यांच्यासाठी मध्यरात्री बोट मिळत नसेल तर रस्त्याने धावावे. पण सर्वांगात पसरलेल्या कर्करोगाच्या ऐंशी वर्षांच्या रुग्णाला शेवटच्या आठवड्यात त्याच वाटेने का न्यायचे, याचे उत्तर ‘लोक काय म्हणतील’ यापलीकडे क्वचितच मिळते.

यावर एक ठरीव उत्तर येते: ‘आपला धर्म यंत्र काढू देत नाही.’ हे साफ खोटे आहे आणि प्रवचनाच्या व्यासपीठावरून ते एकदा खोडले जावे अशी आमची विनंती आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात श्वसनयंत्राचाच प्रश्न हाताळला होता. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य आहे, असामान्य व असह्य भाराचे उपाय योजण्याची सक्ती नाही, हा भेद त्यांनी तेव्हाच स्पष्ट केला. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू मरण आणण्याचा नसेल तर ते औषध देता येते, हेही त्यांनी त्याच वर्षी सांगितले. १९८० सालच्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात तेच आले. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात पुन्हा आले आणि त्यात एक वाक्य असे आहे की ते प्रत्येक घरात वाचले जावे: हा निर्णय रुग्ण शुद्धीवर व समर्थ असेल तर त्याने स्वतः घ्यायचा असतो. पोप जॉन पॉल दुसरे २ एप्रिल २००५ रोजी वारले ते आपल्या व्हॅटिकनमधील खोलीत. शेवटच्या दिवसांत त्यांना पुन्हा जेमेल्ली रुग्णालयात नेण्यात आले नाही. ज्यांनी १९९५ साली जीवनाच्या पावित्र्यावर परिपत्रक लिहिले त्यांनाच ते पावित्र्य कळले नव्हते, असे तर आपल्याला म्हणायचे नाही ना?

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, ‘एक इंजेक्शन द्या आणि सोडवा.’ त्यांच्या कळवळ्याविषयी आम्हांस शंका नाही, पण युक्तिवादाविषयी आहे. निष्फळ यंत्र बाजूला सारल्यावर माणूस मरतो तो आजाराने. इंजेक्शनने मरतो तो आपल्या हाताने. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कॅनडाकडे पाहावे. तेथे २०१६ साली मरणासन्न रुग्णांसाठी म्हणून हे दार उघडले आणि २०२१ साली ज्यांचा मृत्यू जवळ नाही अशा असाध्य आजाऱ्यांसाठीही ते रुंद झाले. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘दयामरण’ हा एकच शब्द या दोन्ही कृतींना लावून घोटाळा वाढवला आहे. ‘निष्क्रिय दयामरण’ ही संज्ञाच टाळावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१८ साली आपल्या परिभाषापत्रात म्हटले, ते फार योग्य झाले.

महाराष्ट्रात हा वाद ज्या एका नावाभोवती फिरत राहिला त्या अरुणा शानभाग यांच्याविषयी आता बोलले पाहिजे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. तिला अन्न देणे थांबवावे, अशी याचिका पत्रकार व लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असा निर्वाळा दिला. आणि त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही देशात प्रथमच खुली केली.

त्या परिचारिकांनी जे केले त्याला तोड नाही. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पंधरा दिवस एखाद्या रुग्णाची कूस बदलली आहे त्यांनाच समजेल. महापालिकेने ती खाट मोकळी करण्याचा विचार केला तेव्हा या बाया आडव्या उभ्या राहिल्या. ज्यांना घासाघासाने भरवता येते त्यांचा घास बंद करणे हे ‘उपचार थांबवणे’ नव्हे, हे त्यांना कोणत्याही परिपत्रकावाचून कळले होते. मात्र २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनिया झाल्यावर त्यांना व्हेंटिलेटर लावण्यात आला. तो लावणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही, पण तो लावलाच पाहिजे होता असे आमचा धर्म सांगत नाही. घास आणि यंत्र यांतले अंतर एकाच आयुष्यात इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

या प्रकरणातील दोन गोष्टी मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. एक, अरुणाची स्वतःची इच्छा काय होती हे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. विराणी एक सांगत होत्या, परिचारिका दुसरे. पंचविशीतल्या मुलीने असे काही सांगून ठेवावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या, पेन्शन आणि घर यांची कागदपत्रे चोख ठेवलेल्या आपल्या गृहस्थांना ती सबब नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. अरुणाची सेवा एका संस्थेने केली; पाळ्या बदलत होत्या, पगार मिळत होते, शेकडो हात होते. आपल्या घरांत हात दोनच असतात, आणि ते बहुधा सुनेचे. ‘जीवन पवित्र आहे’ हे वाक्य पुरुष मंडळी अंगणात उच्चारतात आणि रात्री दोन वाजता ओली चादर ती बदलते. तिच्या तोंडून कधी ‘देवा, सोडव त्यांना’ असे निघाले तर तिला निर्दय ठरवण्याचा अधिकार आपल्यातल्या कोणाला आहे? तिने नव्हे, तिला एकटी सोडणाऱ्या धर्मग्रामाने पापनिवेदनाला जावे.

आता कायद्याकडे वळू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पूर्वेच्छापत्राला, म्हणजे माणसाने शुद्धीवर असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयी लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी असल्याने ते कागदावरच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ती अट सैल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. यंत्र काढण्यापूर्वी रुग्णालयाच्या तीन डॉक्टरांचे एक मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात आहे असे दुसरे मंडळ, प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, अशी पद्धत ठरली आहे. शेजारच्या गोव्यात २०२४ साली या तरतुदी अमलात आल्या आणि तेथील उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे पूर्वेच्छापत्र करून पायंडा घातला. तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयात दोन मंडळे कोठून आणायची हा प्रश्न आहेच, आणि तो जिल्हा प्रशासनाला विचारला पाहिजे.

कॅथोलिक कुटुंबाने हा कागद करताना एका ठिकाणी मात्र जपून शब्द वापरावेत. कायद्याच्या दृष्टीने नळीतून दिलेले अन्न हा उपचारच आहे आणि तो थांबवता येतो. ख्रिस्तसभा तसे मानत नाही: अन्नपाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे, शुद्ध हरपलेल्या रुग्णालाही ते एरवी दिलेच पाहिजे, असे जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली सांगितले व धर्मसिद्धान्त मंडळाने २००७ साली ते पक्के केले. अपवाद तेव्हाच, जेव्हा शरीर ते स्वीकारीतच नाही किंवा त्यानेच त्रास होतो. वकिलाने दिलेला छापील नमुना डोळे मिटून सही करून टाकला तर ही ओळ हातातून निसटेल. फादरांना तो आधी दाखवावा.

वेदनेचे काय? मॉर्फिनला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके जखडले की ज्या देशात अफू कायदेशीरपणे पिकते त्याच देशातले रुग्ण तळमळत राहिले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. तरी आपल्या तालुक्यात ती गोळी कोण लिहून देतो आणि कोठे मिळते, हे किती कुटुंबांना माहीत आहे? बांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ साली टाटा रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उभारले. भारतातील ते पहिले हॉस्पिस. धर्मभगिनी तेथे शुश्रूषा करतात, रुग्णाकडून पैसा घेत नाहीत. ज्यांचा रोग बरा होणार नाही त्यांच्यासाठी काही करता येते हे आपल्याच लोकांनी देशाला दाखवले, आणि इकडे किनाऱ्यावर आपण अजून ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असे म्हणून रुग्णाकडे पाठ फिरवतो. सणाच्या मंडपासाठी आणि बँडसाठी वर्गणी जमते. त्याच वर्गणीतून आठवड्याला दोन दिवस घरोघर फिरणारी एक प्रशिक्षित नर्स, भाड्याने देता येतील अशा दोन-तीन हवेच्या गाद्या आणि रात्रपाळीला बसणाऱ्या स्त्रीपुरुषांची यादी एवढे का होऊ नये? यादीत पुरुष हवेत, हे मुद्दाम लिहितो.

पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि पूर्वेच्छापत्राचा एक मराठी नमुना, अन्नपाण्याची ओळ नीट घालून, चर्चच्या दाराशी ठेवावा. तो भरताना म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसावे, आजाराचे नाव उच्चारावे, मुंबईला जायचे की घरीच राहायचे हे त्यालाच विचारावे, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर मध्येच बोलू नये.