एका सहीचा संसार

मालवीय रोड आणि सदर बाजार यांच्या सान्निध्यात वसलेला गोल बाजार हे रायपूरच्या जुन्या व्यापाराचे एक प्रमुख केंद्र आहे. बांगड्या, पूजासाहित्य, लग्नकार्याला लागणाऱ्या वस्तू, भांडी, मसाले, जडीबुटी अशा नाना जिनसांची येथे खरेदी-विक्री चालते. या व्यापाराची लय पगारदाराच्या महिन्याशी जुळत नाही. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडात धानाची खरेदी सुरू झाली की खेड्यांतला पैसा शहराच्या बाजारपेठेत येतो. लगीनसराईत तो वाढतो, तीज, राखी, नवरात्र आणि दिवाळीला उसळी घेतो. पितृपक्षात आणि खरमासात ओसरतो. घरभाडे, किराणा, विजेचे देयक आणि मुलांच्या शाळेचे शुल्क यांना मात्र असा ऋतू नसतो. ती दरमहा, ठरल्या तारखेला दारात उभी राहतात.

अशा बाजारपेठेत स्वतःचा लहानसा व्यवसाय करणारी, पतीपासून विभक्त राहून एकटीने मुले वाढवणारी स्त्री ही बँकेच्या शाखेला अपरिचित नाही. पत्नीपासून विभक्त झालेला आणि मुलांचा सांभाळ करणारा पिताही क्वचित त्याच रांगेत उभा असतो. त्यांच्या अडचणीचे वर्णन ‘पैसा पुरत नाही’ एवढ्या तीन शब्दांत केले जाते. परंतु त्यात अर्धेच सत्य आहे. पैसा कमी असतो, हे खरेच. त्याहून अधिक जाचक ठरतात त्या दोन गोष्टी: पैसा येण्याची वेळ आणि खर्चाची वेळ यांतील अंतर, आणि दोन सह्यांवर उभारलेला संसार एका सहीवर चालवण्याची पाळी. पहिल्या गोष्टीवरचा उपाय बऱ्याच अंशी खातेदाराच्या हाती आहे. दुसरीत बँकेचा वाटा मोठा आहे, आणि तो तिने उचललाच पाहिजे.

दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा

स्वयंरोजगारातील सर्वांत मोठा धोका तोट्याचा नसून मिसळीचा असतो. गल्ल्यातूनच दूध येते, गल्ल्यातूनच वह्यापुस्तके येतात आणि उरलेल्यातून माल भरला जातो. कुटुंबात दुसरे उत्पन्न असेल तोवर ही मिसळ खपून जाते. एकट्या पालकाच्या घरी एका आजारपणात दुकानाचे खेळते भांडवल औषधांवर खर्च होते, आणि पुढच्या लगीनसराईत माल भरायलाच पैसा उरत नाही. मग सावकाराची पायरी चढावी लागते. शेकडा तीन रुपये हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो दरमहाचा असतो. वर्षाचा हिशेब केला तर ते छत्तीस टक्के होतात.

यावरचा उपाय साधा आहे: दोन स्वतंत्र खाती उघडावीत, आणि दुकानाने मालकिणीला ठरावीक पगार द्यावा. उदाहरणार्थ, खर्च वजा जाता वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये शिल्लक राहतात असे धरू. त्यांतले एक लाख ऐंशी हजार तेजीच्या पाच महिन्यांत आणि उरलेले साठ हजार मंदीच्या सात महिन्यांत मिळतात. मिळेल तसे खर्च केले, तर तेजीत दरमहा छत्तीस हजारांची आणि मंदीत जेमतेम साडेआठ हजारांची प्राप्ती होते. तेच तिने दरमहा पंधरा हजार रुपये पगार म्हणून घरखात्यात वळते केले, तर वर्षाला एक लाख ऐंशी हजार लागतात. उरलेल्या साठ हजारांतून शाळेचे शुल्क, आजारपण आणि दुकानाची निकड यांची तरतूद होते. उत्पन्न एका रुपयानेही वाढलेले नाही. मात्र जून महिन्याची भीती कमी झाली आहे.

रोजच्या कमाईतून रोज थोडे बाजूला काढण्याची कल्पना भारतीय बँकिंगला नवी नाही. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव योजना सुरू केली, ती दारोदार जाऊन अगदी आण्यांमध्ये रक्कम गोळा करणारी होती. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. परंतु ज्याचे उत्पन्न रोजचे, त्याची बचतही रोजची असावी, हे त्या योजनेमागचे तत्त्व आजही तितकेच खरे आहे. पूर्वी प्रतिनिधी पावती फाडत असे. आता क्यूआर संकेतावर ग्राहकाने दिलेले दहा-वीस रुपयेही खात्यात नोंदले जातात. ही नोंद केवळ बचतीसाठी उपयोगी नाही. ज्याच्यापाशी पगारपत्रक नाही, त्याच्या उत्पन्नाचा तोच सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

न्यायालयातही हीच नोंद बोलते

पोटगी हा या विषयाचा नाजूक भाग. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात निघावा, अशी तिची अपेक्षा आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर उघड करावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी.

हे शपथपत्र भरताना उत्पन्न, घरखर्च, मुलांचे शिक्षण, कर्जे आणि बँकखाती यांचा तपशील द्यावा लागतो. दुकान आणि घर यांची खाती वेगळी असलेल्या स्त्रीला तो काही तासांत देता येतो. सारे व्यवहार रोखीने करणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या कष्टाचे आकडेही अंदाजाने सांगावे लागतात.

तथापि पोटगीचा आदेश म्हणजे हाती आलेली पोटगी नव्हे. वसुलीसाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते, हप्ते थकतात, तारखा पडतात. म्हणून शहाणपण यात आहे की, मासिक खर्चाचा पाया स्वतःच्या पगारावर असावा, आणि पोटगीची रक्कम येईल तेव्हा ती मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आवर्ती ठेवीत जावी. छत्तीसगडात मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेखाली विवाहितांबरोबरच विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांनाही पात्रतेनुसार दरमहा एक हजार रुपये थेट खात्यात मिळू लागले. अशी रक्कम लहान असली तरी नियमित असते, आणि नियमिततेचे मोल अनियमित उत्पन्नाच्या घरालाच खरे कळते.

जुन्या सह्यांचा हिशेब

पती-पत्नी वेगळे झाले म्हणून त्यांनी एकत्र केलेले करार वेगळे होत नाहीत. सहकर्जदार म्हणून केलेली सही कर्ज फिटेपर्यंत बांधून ठेवते. जामीनदाराची जबाबदारीही मूळ कर्जदाराइतकीच असते. दुसऱ्याने हप्ते थकवले, तरी ती थकबाकी दोघांच्याही पतइतिहासात उमटते, आणि वर्ष-दोन वर्षांनी दुकानासाठी कर्ज मागायला गेल्यावर ते ध्यानात येते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. विभक्त झालेल्या प्रत्येक खातेदाराने तो मागवून, आपली सही कोठे कोठे आहे ते तपासावे.

संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालत असेल, तर एकाला सारी रक्कम काढता येते. वाद असल्यास बँकेला लेखी कळवून ते व्यवहार थांबवता येतात. त्यानंतर दोघांच्या सूचनेशिवाय खाते चालत नाही. नामनिर्देशनाचा विसर तर सर्रास पडतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी लिहिलेले नाव पंधरा वर्षांनीही तसेच राहते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मूल अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे नावही द्यावे लागते. मात्र नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते म्हणून ती मालक ठरत नाही. घटस्फोट झालेला नसेल, तर विभक्त जोडीदाराचा वारसाहक्क कायम असतो. म्हणून नामनिर्देशनाच्या जोडीला मृत्युपत्र हवे.

एकट्या कमावत्या पालकाला विमाही टाळता येत नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा योजनेत २० रुपये वार्षिक हप्त्यात प्रत्येकी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पहिली आयुर्विम्याची, दुसरी अपघाताची.

बँकेने मागू नये अशी सही

आता बँकेच्या बाजूकडे वळू. रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच आईला पालक मानून अज्ञान मुलाचे बचत व मुदत ठेव खाते उघडण्यास बँकांना परवानगी दिली होती. तरीही १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला आणि त्यात आईला पालक म्हणून दाखवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवून पित्याची सही किंवा सक्षम अधिकाऱ्याचे पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यासोबत घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या एका मातेची याचिकाही ऐकली गेली. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातील ‘पित्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढा संकुचित नसून ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असाही होतो, असे ठरवले. पित्याने मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष केले असेल, तर तीही अनुपस्थितीच. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अज्ञानांच्या खात्यांविषयीच्या सूचना नव्याने दिल्या, आणि त्यांतही आईच्या पालकत्वाचा पुनरुच्चार केला.

नियम इतका जुना आणि इतका स्पष्ट असताना, ‘मुलाच्या वडिलांना घेऊन या’ हे वाक्य कोणत्याही शाखेच्या खिडकीवर उच्चारले जाऊ नये. व्यवसायकर्जाचेही तेच. स्त्रीच्या व्यवसायकर्जावर पतीची सही असलीच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. रस्त्यावर बसून विक्री करणाऱ्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये नव्याने आखलेल्या पीएम स्वनिधी योजनेत पंधरा, पंचवीस आणि पन्नास हजारांचे टप्पे आहेत. पहिला टप्पा वेळेवर फेडला की दुसऱ्याचे दार उघडते.

खरी सुधारणा मात्र हप्त्यांच्या आखणीत हवी. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामाला जोडलेली असते, कारण धान कापण्यापूर्वी पैसा येणार नाही हे बँकेला मान्य आहे. त्याच धानाच्या पैशावर ज्या बाजारपेठेची तेजी अवलंबून आहे, तेथील छोट्या विक्रेतीकडून मात्र बाराही महिने सारख्या हप्त्याची अपेक्षा केली जाते. दोन वर्षांचा खातेउतारा पाहिला, तर तिचा हंगाम कोणत्याही शाखाधिकाऱ्याला वाचता येईल. तेजीत मोठा आणि मंदीत लहान हप्ता ही मेहेरबानी नव्हे. ती पतपुरवठ्याची अचूकता आहे. अशाने कर्ज बुडण्याची शक्यता वाढत नाही, कमी होते.

याला उत्तर म्हणून असे म्हटले जाते की, एकाच उत्पन्नावरचे कर्ज अधिक जोखमीचे असते, आणि दुसरी सही बँकेला सुरक्षितता देते. युक्तिवाद वरवर रास्त आहे. परंतु घर सोडून गेलेल्या व्यक्तीची सही ही सुरक्षितता नसून तिचा आभास आहे. त्या सहीसाठी खातेदाराला ज्याच्यापासून वेगळे व्हावे लागले त्याच्याच दारी पाठवणे, हे तर अन्यायाचे आहे.

खातेदाराचेही कर्तव्य आहे. हप्ता चुकणार असे दिसताच त्याने शाखेत यावे. थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की कर्ज अनुत्पादक ठरते, आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. पहिल्या तीस दिवसांत सांगितलेली अडचण सोडवता येते; लपवलेली अडचण वसुली विभागाकडे जाते. संकोच स्वाभाविक आहे. मोडलेल्या संसाराची कहाणी परक्यासमोर सांगणे कोणालाही जड जाते. पण बँकेला कहाणी नको असते. आकडे आणि तारखा पुरेशा असतात.

तेव्हा खातेदाराने आपली रोजची कमाई नोंदीत आणावी, आणि बँकेने ती नोंद वाचून विश्वास ठेवावा. दुकान आणि घर यांची दोन खाती, वेळेवर बदललेले नामनिर्देशन, हंगामाला जुळणारा हप्ता, आणि मुलाच्या खात्यावर पालक म्हणून एकच सही: एवढे जमले, तर गोल बाजारातील त्या दुकानात पुढच्या लगीनसराईचा माल वेळेवर भरला जाईल, आणि जूनमध्ये शाळेचे शुल्कही.