कोरडा धडा

इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षें मीं पावनखिंडीचा धडा शिकविला. सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास पडलेला वेढा, १२ जुलै १६६० ची रात्र, विशाळगडाकडे निघालेली पालखी आणि घोडखिंड अडवून देह ठेवणारे बाजीप्रभु, हें सारें मला मुखोद्गत होतें. ‘महाराज रातोरात निघाले’ हें वाक्य उच्चारावयास एक श्वासहि पुरा लागत नसे. गेल्या आषाढांत त्या वाक्याचा अर्थ माझ्या पायांस कळला. तो वाचकांपुढें ठेवितों.

माझा नातू आपल्या सोबत्यांसह पन्हाळ्याहून पावनखिंडीस पायीं जाणार होता. वाट सुमारें ५० किलोमीटरांची; हल्लीं बहुतेक मंडळी ती दोन दिवसांत चालतात. सहासष्टाव्या वर्षीं मीहि येतों म्हणालों, तेव्हां घरांत कोणी विरोध केला नाहीं. कारण दोन महिन्यांपासून गुडघा दुखतो, हें मीं कोणास सांगितलेंच नव्हतें.

पन्हाळा सोडून आम्ही मसाई पठारावर आलों. जांभ्या दगडाचें तें विस्तीर्ण पठार पावसाळ्यांत हिरवेंगार असतें. पण धुकें उतरलें म्हणजे दहा हातांवरचा माणूस दिसत नाहीं. पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी अशा लहान वाड्या लागतात. पुढें वाट कधीं भातखाचरांच्या बांधावरून, कधीं ओढ्यांतून, तर कधीं दाट झाडीखालून जाते. तांबड्या चिखलांत रुतलेला पाय उपसण्यांतच निम्मी शक्ति सरते. झाडींत जळवा असतात. त्या चढतांना कळत नाहींत. गळून पडल्यावर रक्त बराच वेळ वाहत राहतें, तेव्हां कळतात. म्हणून जाणते लोक मिठाची पुरचुंडी जवळ बाळगतात.

दुपारनंतर माझा गुडघा सुजला. मी मागें पडूं लागलों आणि ती बारा तरुणांची टोळी माझ्या चालीनें चालूं लागली. मुक्कामाची करपेवाडी येण्यापूर्वींच रानांत अंधार पडला. एका ओढ्याचें पाणी चढलें होतें. तो विजेरीच्या उजेडांत, एकमेकांचे हात धरून ओलांडावा लागला. मध्यावर माझा पाय निसटला. नातवानें मनगट सोडलें नाहीं, म्हणून आज हें लिहीत आहें. दुखणें मीं लपविलें. धोका मात्र त्या पोरांनीं पत्करला.

ज्या घरीं उतरलों, तेथील माउलीनें गुडघ्यास शेक दिला आणि म्हणाली, “गुरुजी, गुडघा काय म्हणतोय ते ऐका की!” सकाळीं मीं सर्वांसमोर खरें सांगितलें. नातू म्हणाला, “आजोबा, मीहि तुमच्याबरोबर थांबतों.” “तूं पुढें जा,” असें त्यास निक्षून सांगितलें. त्या वेळीं बाजीप्रभूंची आठवण येण्याचें धैर्य मला झालें नाहीं. ते लढण्यासाठीं थांबले होते. मी चालवेना म्हणून थांबलों.

सामानाच्या टेंपोनें पांढरपाण्यास जाऊन, काठी टेकीत मी खिंडीपाशीं मुलांना भेटलों. कासारी नदीच्या उगमाकडील ती अरुंद घळ पाहून एरवींचीं बोलकीं मुलें मुकाट्यानें पाण्यांत पाय सोडून बसलीं. चार महिन्यांच्या वेढ्यांतून निघालेले मावळे, खांद्यावर पालखी, मागें सिद्दी मसूदाचे स्वार. अशाच चिखलांतून ते एवढें अंतर न थांबतां आले आणि त्यानंतर लढले! मला त्यांवर व्याख्यान द्यावें लागलें नाहीं.

संस्कृतांत ‘चर्’ म्हणजे चालणें. ‘आचार’, ‘आचरण’ हे शब्द त्याच धातूपासून झाले. हा धातु मीं वर्गांत कितीदां चालविला असेल. त्याच्याबरोबर स्वतः मात्र चाललों नाहीं. ज्यांना ही वाट चालावयाची असेल, त्यांनीं अवश्य चालावी. पण वाटाड्या बरोबर घ्यावा आणि आपलें दुखणें निघण्यापूर्वीं सोबत्यांस सांगावें. रानांत प्रत्येकाची चाल सर्वांची चाल होते.

परततांना नातू म्हणाला, “आजोबा, आमच्या धड्यांत पाऊस नव्हता.”

खरें आहे. तीस वर्षें मीं तो धडा कोरडाच शिकविला.